सस्पेन्शन लिफ्टचा टिकाऊपणा

गाडीच्या स्प्रिंग, शॉकअब्जॉर्बर किंवा त्यांची बैठक बदलून चॅसी मूळ उंचीपेक्षा वर उचलणे म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट. दगडांत, ओढ्यांत आणि चिखलाच्या चाकोऱ्यांत गाडीचे पोट घासू नये व मोठे टायर मडगार्डला लागू नयेत म्हणून ती करतात. पुण्यात थार, जिमनी, गुरखा आणि जुन्या जिप्सी या गाड्यांवर बहुधा 40 ते 50 मिलीमीटरची, गॅरेजच्या भाषेत ‘दोन इंची’, लिफ्ट असते. सबंध एक्सेल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असलेल्या गाडीत लिफ्टने डिफरन्शियल, म्हणजे त्या दांड्यावरचा गिअरचा गोळा, तसूभरही वर जात नाही. ते काम फक्त मोठा टायर करतो. खरेदीच्या वेळी हे सांगायचे बऱ्याचदा राहून जाते.

किट, म्हणजे लिफ्टच्या स्प्रिंग आणि शॉकचा संच, किती वर्षे टिकेल, असे लोक विचारतात. पण नीट निवडलेली स्प्रिंग सहसा सर्वांत शेवटी जाते. आधी जातात ते मूळ सांधे: बॉल जॉइंट (गोळीवर फिरणारा सांधा), बुश (सांध्यातले रबरी नळकांडे), एक्सेलचे जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे टोक). कारखान्याने ते एका ठरावीक कोनासाठी बनवलेले असतात आणि लिफ्टने तो कोन कायमचा बदलतो.

2020 नंतरच्या थारमध्ये पुढची दोन चाके स्वतंत्र आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या वेगवेगळ्या दांड्यांवर, आहेत. तिथला स्वस्त उपाय म्हणजे शॉकच्या वर चकती, म्हणजेच स्पेसर. शॉकचे खालचे टोक चाकाला नव्हे, आर्मच्या मधल्या भागाला जोडलेले असते. त्यामुळे 25 मिलीमीटरची चकती चाकापाशी जवळपास दुप्पट उंची देते. मेख अशी की चाक हवेत लोंबकळते तेव्हा आर्मही आधीपेक्षा तेवढाच जास्त खाली जातो. बॉल जॉइंट आणि एक्सेलचा जॉइंट आपल्या मर्यादेला टेकतात, रबरी बूट ताणून फाटतो, ग्रीस बाहेर फेकले जाते आणि त्या जागी माती शिरते. 2010 च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा, होता. त्याचा बोल्ट कसला की पैसे न मोजता लिफ्ट मिळे. पण त्याने स्प्रिंग कडक होत नाही. चाकाची खाली जाण्याची जागा तेवढी कमी होते आणि प्रत्येक खड्ड्यात आर्म खालच्या रबरावर आपटतो.

जिमनीला पुढे-मागे सबंध एक्सेल आणि कॉइल स्प्रिंग आहेत. ती उचलली की एक्सेलला चॅसीशी जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड एक्सेलला एका बाजूला ओढतो आणि पुढचा कॅस्टर कोन, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, घटतो. एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंग भरकटू लागते. ॲडजस्टेबल रॉड आणि कॅस्टरचे बुश घातले नाहीत तर हे भरकटणे तसेच राहते. जिप्सीचे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) एक्सेलच्या खालून काढून वर बसवले की उंची भरपूर मिळते, पण जोर लावताना पाटा इंग्रजी ‘एस’सारखा पिळतो आणि इंजिनाची ताकद एक्सेलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर आवाज करू लागतात.

स्प्रिंग ‘बसली’ अशी तक्रार नेहमीची. नवी कॉइल पहिल्या काही आठवड्यांत थोडी बसते, ते स्वाभाविक आहे. पुढे उंची कमी झाली तरी पोलादाचा कडकपणा तोच राहतो. म्हणूनच बसलेली स्प्रिंग हाताला कळत नाही, मेजपट्टीला कळते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी मोजून बसवल्या दिवशीच लिहून ठेवावे. लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढणारे दोरखंडाचे यंत्र) आणि टपावरचा तंबू कायम राहणार असेल तर स्प्रिंग त्या वजनाचीच घ्यावी. हौसेने घेतलेली जड स्प्रिंग रिकाम्या गाडीत उड्या मारते आणि तो उसळा अडवता अडवता शॉक थकतो.

किटमध्ये पहिला जीव सोडतो तो शॉक. खडबडीत वाटेवर सतत वरखाली होऊन आतले तेल तापते, फेसाळते आणि त्याची पकड सुटते. नायट्रोजन भरलेल्या एकनळी शॉकला ही उष्णता जास्त झेपते. दांड्यावर धुळीचा पातळ तेलकट थर दिसला तर घाबरू नये. पण शॉकच्या अंगावरून काळा ओला ओघळ खाली आला असेल तर सील गेले.

पुण्याच्या गाडीचा आठवडा विचित्र असतो: पाच दिवस हिंजवडीची गर्दी, शनिवारी वेल्हे, पानशेत किंवा ताम्हिणी. शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलीमीटर पाऊस होतो, ताम्हिणीत त्याच्या कित्येक पट. तिथली लाल माती बुशच्या कडेला आणि पाट्यांच्या फटीत बसते. वरून गाडी लख्ख धुतली तरी बोट घातले की लाल होऊन येते. ही ओली माती गंज धरते. गंजाच्या बारीक खड्ड्यातून पोलादाला तडा सुरू होतो आणि पुढे एखाद्या दिवशी पाटा सपाट रस्त्यावर तुटतो. गतिरोधकांचे तर विचारूच नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच आहे. सोसायट्यांच्या दारातल्या उंचवट्यांना हे कोणी कळवलेले दिसत नाही.

बसवण्याची पद्धतही महत्त्वाची. रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर पूर्ण वजनानिशी उभी असतानाच शेवटचे आवळावेत. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. पाटा एक्सेलला बांधणारे जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. नाना पेठेत ते सहज मिळतात. पहिल्या 500 ते 1,000 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत. ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणलेला नाही ना, हे चाक पूर्ण लोंबकळत ठेवून पाहावे. अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख त्याच दिवशी.

कायद्याची बाजू अवघड आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. कोथरूडच्या टेकडीवरील एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) संस्थेत जी चाचणी होते ती मूळ उंचीच्या गाडीची. उचललेल्या गाडीचा ब्रेक आणि तोल कोणी तपासलेला नसतो. विमा आणि वॉरंटीचे वाद इथूनच निघतात. त्यामुळे बरेच जण मूळ स्प्रिंग कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवतात आणि गाडी विकताना परत बसवतात. उंची काही तासांत पूर्ववत होते, झिजलेले बॉल जॉइंट मात्र नव्या मालकाकडे जातात.