दोन पायांवरचा तोल : ह्युमनॉइड स्पर्धांची पार्श्वभूमी

यंत्रमानवांची स्पर्धा म्हटली की सांगली-मिरजेच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ‘रोबोकॉन’ आठवते, आणि तिथली यंत्रे बहुधा चाकांवर धावतात. ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारखा दोन पायांवर चालणारा यंत्रमानव, घेऊन मैदानात उतरणाऱ्या विद्यापीठ संघांची परंपरा मात्र निराळी असून तिचे मूळ तोलाच्या प्रश्नात आहे.

टोकियोच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या गटाने १९७३ मध्ये ‘वाबोट-१’ हा पूर्णाकृती यंत्रमानव चालवून दाखवला, तेव्हा त्याला एक पाऊल टाकायला सुमारे ४५ सेकंद लागत; कारण सगळा भार एका तळव्यावर स्थिरावल्याशिवाय दुसरा पाय उचलणे त्याला शक्य नव्हते. वेगाने चालताना वजनाबरोबर शरीराच्या गतीचाही हिशेब ठेवावा लागतो. बेलग्रेडचे संशोधक मिओमिर वुकोब्रातोविच यांनी त्याआधीच तो मांडला होता : वजन आणि गतीतील बदल यांचा एकत्रित रेटा जमिनीवर ज्या बिंदूत पडतो, तो बिंदू तळव्याच्या आत आहे तोवर यंत्र कलंडत नाही. पुढे होंडा कंपनीने ‘असिमो’ या ह्युमनॉइडपर्यंत मोठी मजल मारली, पण ते काम कंपनीच्या चार भिंतींत झाले.

विद्यापीठांना खुले मैदान मिळाले ते ‘रोबोकप’ या यंत्रमानवांच्या फुटबॉल स्पर्धेमुळे. १९९७ मध्ये संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवले, आणि त्याच वर्षी नागोयात ही स्पर्धा सुरू झाली. २०५० पर्यंत ह्युमनॉइडच्या संघाने फुटबॉलच्या विश्वविजेत्यांना हरवावे, हे तिचे ध्येय. ह्युमनॉइडचा स्वतंत्र गट २००२ मध्ये फुकुओकात आला. त्यात एका पायावर उभे राहणे हीसुद्धा परीक्षा होती, आणि ती क्षुल्लक मुळीच नव्हती. पुढे सपाट गालिच्याची जागा कृत्रिम गवताने घेतली, तेव्हा पाऊल किंचित रुतू लागले आणि चालीचे जुने गणित अनेकांना नव्याने मांडावे लागले.

या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट मला जेतेपदांपेक्षा खुलेपणाची वाटते. व्हर्जिनिया टेकमध्ये डेनिस हाँग यांच्या प्रयोगशाळेने कोरियाच्या ‘रोबोटिस’बरोबर घडवलेल्या, सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीच्या ‘डार्विन-ओपी’ या ह्युमनॉइडचे आराखडे आणि संगणक प्रणाली दोन्ही सर्वांसाठी खुल्या केल्या गेल्या. त्यामुळे सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयालाही ते उतरवून घेता येतात आणि त्यातले ॲल्युमिनियमचे भाग कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कापून घेता येतील. खर्चाचा खरा भार पडतो तो सांध्यांतल्या वीस मोटरींचा.