सुईणीची नोंद कोणाच्या वहीत?

अडचण नसलेलं बाळंतपण सरकारी रुग्णालयातही प्रशिक्षित मिडवाइफने सांभाळावं, असं केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यासाठी दीड वर्षाचं वेगळं प्रशिक्षण आहे. कल्पना नवी म्हणून मांडली गेली, पण नागपूरकरांना तिचं अप्रूप वाटायचं कारण नाही. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोन परिचारिकांनी इथे मातृसेवा संघ सुरू केला. विधवेचं तोंड पाहणंही अशुभ मानणाऱ्या काळात कमलाताई, स्वतः तरुणपणी वैधव्य आलेल्या, बायकांची बाळंतपणं करत होत्या. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली.

कायदा मागून आला. दाईंना शिकवायला व्हिक्टोरिया फंड १९०३ पासून होता, पण मध्य प्रांताचा परिचारिका नोंदणी कायदा झाला १९३६ साली. राजधानी तेव्हा नागपूर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला तरी हा कायदा कायम राहिला. मुंबईचा आपला वेगळा, १९५४चा. एकाच राज्यातला हा सवतासुभा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ने संपवला. नाव मात्र परिचारिकांचंच राहिलं.

माझ्या मते मिडवाइफचं खरं नुकसान कागदावर नाही, कामाच्या वाटपात झालं. १९७३च्या कर्तारसिंग समितीने एएनएमला (ऑक्झिलरी नर्स-मिडवाइफला) बहुउद्देशीय आरोग्यसेविका करायला सुचवलं. मग लसीकरण, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं, रजिस्टरं. मैदानी भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, आणि तिथल्या सिस्टरच्या पदनामात ‘मिडवाइफ’ असूनही बाळंतपण हे तिच्या अनेक कामांपैकी एक.

गावच्या दाईचं काय? तिला नोंदवहीत जागा कधीच नव्हती. सरकारने तिला शिकवलं, किट दिलं. २००५ला जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे मिळू लागले आणि दाईकडचं बोलावणं कमी होत गेलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण तिच्या अनुभवाचा उपयोग कुठे करायचा हे कोणी ठरवलं नाही.

२०२३च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायद्यात १९४७चा भारतीय परिचर्या परिषद कायदा रद्द करायची तरतूद आहे. मिडवाइफरी आता आयोगाच्या नावातच आहे. त्याखालची तीन मंडळं (शिक्षण, मूल्यांकन, आचार-नोंदणी) मात्र दोन्ही व्यवसायांना सामाईक. मिडवाइफचं स्वतंत्र मंडळ त्यात नाही.