ॲडम, विल्यम

(१७९६–१८८१). बॅप्टिस्ट मिशनरी; पुढे कलकत्त्यातील पत्रकार, देशी शाळांचा पाहणीकार व प्राध्यापक. जन्म स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन येथे. १८१८ मध्ये तो भारतात आला. राममोहन रॉय व सहकारी मिशनरी विल्यम येट्स यांच्यासह बायबलच्या नव्या कराराचे बंगाली भाषांतर चालू असताना योहानाच्या शुभवर्तमानातील एका ग्रीक शब्दावरून वाद पेटला : सृष्टी ख्रिस्ता‘ने’ निर्मिली, की ख्रिस्ता‘द्वारे’? ‘द्वारे’ म्हटले, तर ख्रिस्त देवाहून दुय्यम ठरतो. येट्स बाहेर पडला. ॲडम राममोहनांकडे झुकला आणि १८२१ मध्ये त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव) सिद्धांत सोडून, ख्रिस्ताला देव न मानणाऱ्या एकेश्वरवादी पंथाचा, म्हणजे युनिटेरियन झाला. बाटवायला आलेला पाद्रीच बाटला! बायबलमधील पतित आदिपुरुष आदाम (इंग्रजीत ॲडम) याच्या नावावरून कोटी करून कलकत्त्यातील सनातनी ख्रिस्ती त्याला ‘दुसरा पतित आदाम’ म्हणू लागले.

मग तो लेखणीकडे वळला. त्याच्या *कलकत्ता क्रॉनिकल* या वृत्तपत्राचा परवाना सरकारने १८२७ मध्ये काढून घेतला. वृत्तपत्रांमागे परवान्याचा हा जाच १८२३ मध्ये आणणारा हंगामी गव्हर्नर जनरल जॉन ॲडम हा वेगळा. दोघांची गल्लत करू नये. पुढे विल्यमने *इंडिया गॅझेट*चे संपादन केले.

त्याचे नाव टिकले ते मात्र शाळा मोजल्यामुळे. गव्हर्नर जनरल बेंटिंकने १८३५ मध्ये त्याला बंगाल-बिहारमधील देशी शिक्षणाच्या पाहणीवर नेमले. कागदपत्रांवरून लिहिलेल्या पहिल्या अहवालात एक लाख गावशाळांचा अंदाज आहे. प्रत्यक्ष हिंडून केलेल्या दुसऱ्या पाहणीत राजशाही जिल्ह्यातील नाटोर ठाण्याच्या (पोलीस हद्दीच्या) ४८५ गावांत प्राथमिक शाळा निघाल्या अवघ्या २७, मुले २६२. घरीच शिकणारी मुले याच्या कितीतरी पट होती. १९३१ मध्ये गांधीजी व ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ फिलिप हार्टॉग यांच्यातील वादात लाख शाळांचा हाच अंदाज गाजला. पण आकड्यापेक्षा तिसऱ्या अहवालातील (१८३८) जातवार नोंदी अधिक मोलाच्या आहेत. बरद्वान जिल्ह्यात सर्वांत खालच्या मानलेल्या सोळा जातींची ६७४ मुले देशी शाळांत होती, मिशनऱ्यांच्या शाळांत ८६. आपल्याकडील पंतोजींच्या शाळांची अशी बारीक मोजदाद झाली असती, तर बरेच वाद मिटले असते.

आहेत त्याच शाळांना पुस्तके द्यावीत, गुरुजींच्या परीक्षा घेऊन त्यांना उत्तेजन द्यावे, ही त्याची सूचना. वरच्या थरांना इंग्रजी शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असे मानणाऱ्या सरकारी शिक्षण समितीने ती खर्चिक ठरवून बाजूला सारली. ॲडमने १८३८ मध्ये भारत सोडला.

नंतर हार्वर्ड विद्यापीठात पौर्वात्य साहित्याचा प्राध्यापक, १८४० च्या लंडन येथील गुलामगिरीविरोधी परिषदेत स्त्री-प्रतिनिधींचा पाठीराखा, *ब्रिटिश इंडियन ॲडव्होकेट*चा संपादक, अमेरिकेतील नॉर्थॅम्प्टन येथील सहजीवन वसाहतीचा एक संस्थापक. टोरांटो व शिकागो येथील युनिटेरियन मंडळ्यांत तो पुन्हा प्रवचनाला उभा राहिला. तेही फार काळ नाही.