पिसं, टिकल्या आणि स्कर्टसक्ती : १९८०च्या दशकातल्या फिगर स्केटिंग पोशाखांची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९८८, कॅलगरी. महिला एकेरीचा शॉर्ट प्रोग्राम, म्हणजे ठरवून दिलेल्या उड्या-गिरक्यांची छोटी फेरी. पूर्व जर्मनीची गतविजेती बर्फावर उतरली ती निळ्या, टिकल्यांनी मढवलेल्या पोशाखात. कमरेखाली नेहमीचा स्कर्ट नव्हताच, त्या जागी पिसं होती. संगीत ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांचं होतं आणि पोशाखही तिथल्याच रंगमंचावरून उचलल्यासारखा होता. त्याच फेरीत तिची मुख्य प्रतिस्पर्धी, १९८६ची अमेरिकन जगज्जेती, काळ्या युनिटार्डमध्ये खेळली. युनिटार्ड म्हणजे धड आणि पाय दोन्ही झाकणारा, अंगासरशी बसणारा एकसंध पोशाख. परीक्षकांनी पिसांना पहिला क्रमांक दिला, युनिटार्डला दुसरा.

ऑलिंपिकनंतर जागतिक संघटनेने नियम आणला: महिला स्केटरने स्कर्ट घातलाच पाहिजे आणि त्याने कंबरेखालचा भाग पुढून-मागून झाकला गेला पाहिजे. खेळातली माणसं या नियमाला आजही त्या पूर्व जर्मन स्केटरच्या पहिल्या नावाने, ‘काटारिना नियम’ म्हणून ओळखतात. पिसांवर आलेला नियम म्हणूनच तो सांगितला जातो. पण त्याने पिसांइतकाच बंद केला तो युनिटार्ड, म्हणजे त्या फेरीतल्या सर्वांत झाकलेल्या पोशाखांपैकी एक. ही गोष्ट सांगताना हा अर्धा भाग जवळजवळ नेहमी गळतो, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो.

या खेळात बायकांच्या कपड्यांवरून वाद होणं नवं नव्हतं. १९०२ साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत एका बाईने पुरुषांच्या बरोबरीने भाग घेऊन दुसरा क्रमांक मिळवला, कारण तिला अडवणारा नियमच नव्हता. पुढे तो करण्यात आला. त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक असं होतं की लांब स्कर्टमुळे परीक्षकांना पाय दिसत नाहीत. १९०६पासून बायकांची स्पर्धा वेगळी झाली. १९२०च्या दशकात नॉर्वेची एक शाळकरी मुलगी गुडघ्यावर येणारा स्कर्ट घालून खेळू लागली, १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं तिने नेली, आणि आखूड घेर हाच या खेळाचा गणवेश झाला. उड्या वाढल्या तसा तो आणखी आखूड होत गेला.

१९८०च्या दशकाचा चेहरा मात्र दोन गोष्टींनी घडवला: ताणलं जाणारं कापड आणि रंगीत टीव्ही.

लायक्राचा धागा १९५८ सालचा. त्याआधी लोकर, मखमल, सॅटिन असल्या कापडात काखेखाली जास्तीची कळी टाकल्याशिवाय हात वर करता येत नसे. चारी बाजूंनी ताणणाऱ्या कापडाने ती गरज संपवली. लांब घट्ट बाह्या, उभी कॉलर, एकाच खांद्यावर उतरणारी नक्षी, तिरपा कापलेला घेर हे सगळं शक्य झालं. त्याला दशकाची स्वतःची हौस मिळाली: खांद्यावरचा उठाव, धातूसारखी चमक, गडद जांभळा, मोरपंखी, लाल. ज्या जागी उघडं अंग दाखवायचं तिथे खरं तर कातडीच्या रंगाची बारीक जाळी असते. दुरून गळा मोकळा दिसतो, जवळून पाहिलं तर मनगटापर्यंत कापड असतं. म्हणून ‘उघडे कपडे’ हा शब्द या खेळात फार जपून वापरावा लागतो.

हे शिवणारे हात कधी दिसत नाहीत. ताणणाऱ्या कापडावर टिकली किंवा मणी लावायचा तर कापड आधी ताणून धरावं लागतं, अंगावर चढल्यावर ते जितकं ताणलं जाणार तितकंच. तसंच सपाट ठेवून टाके घातले तर पहिल्यांदा हात वर केला की दोरा तटकन तुटतो आणि मणी बर्फावर सांडतात. बर्फावरचा मणी ही किरकोळ बाब नाही. वेगात आलेलं पातं त्यावर अडलं तर माणूस आपटतो. म्हणून पोशाखाचा तुकडा बर्फावर पडला तर गुण कापले जातात, आणि पिसांची भीती शिंप्यांना सगळ्यात जास्त असते.

टीव्हीचा भाग आकड्यांतच सांगतो. १९८४च्या साराएव्हो हिवाळी ऑलिंपिकचे अमेरिकेतले प्रक्षेपण हक्क ९ कोटी १५ लाख डॉलरला गेले होते. चार वर्षांनी कॅलगरीसाठी त्याच वाहिनीने ३० कोटी ९० लाख डॉलर मोजले. एवढा पैसा मोजणाऱ्याला संध्याकाळच्या मुख्य वेळेत जे दाखवायचं होतं ते म्हणजे महिला एकेरी. कंपल्सरी फिगर्स, म्हणजे रिकाम्या रिंकवर पात्याने एकच आकृती पुन्हा पुन्हा गिरवण्याची फेरी, टीव्हीवर दाखवण्यासारखी नव्हतीच. तिथे साधा पोशाख चालायचा, कारण बघणारा फक्त परीक्षक आणि तो बघायचा बर्फावरची रेघ. १९८८ मध्येही या फेरीचं वजन ३० टक्के होतं. १९९०नंतर ती जागतिक पातळीवरून गेली. जे कॅमेऱ्याला दिसत नव्हतं ते आधी हलकं झालं, मग संपलं. जे दिसत होतं त्याला टिकल्या लागत गेल्या.

दशकातला सर्वांत सुंदर पोशाख कुठला असं कोणी विचारलं तर मी साराएव्होचंच नाव घेईन. १४ फेब्रुवारी १९८४ला इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधली जोडी आइस डान्सच्या, म्हणजे उड्यांऐवजी नृत्यावर भर असलेल्या जोडीच्या प्रकाराच्या, शेवटच्या फेरीसाठी जांभळ्याच्या उतरत्या छटांमध्ये आली. टिकल्यांचा भपका नाही, पिसं नाहीत, नुसतं हलकं, वाऱ्यावर उठणारं कापड. संगीत ४ मिनिटं २८ सेकंदांच्या खाली येत नव्हतं आणि मर्यादा ४ मिनिटं १० सेकंदांची होती. पण घड्याळ सुरू व्हायचं ते पातं बर्फाला टेकल्यावर. म्हणून दोघांनी सुरुवात गुडघ्यांवर केली. ती पहिली १८ सेकंद पाती बर्फावर नाहीतच. बर्फावर आहेत ते गुडघे, आणि हलतंय ते धड, हात आणि जांभळं कापड. बाहीचा झोत मागे जातो, पुन्हा पुढे येतो, आणि लाट म्हणजे काय ते प्रेक्षकाला कळतं. त्या रात्री त्यांना एकूण बारा वेळा ६.० हे तेव्हाचे सर्वोच्च गुण मिळाले, त्यातले नऊ कलात्मक ठशासाठी. त्याआधीच्या फेरीतल्या पासो डोब्लेत, म्हणजे बैलझुंजीवर बेतलेल्या स्पॅनिश धाटणीच्या नृत्यात, तो बैलाशी झुंजणारा मॅटाडोर होता आणि ती त्याच्या हातातली झूल. कपडे हेच नृत्याचं कथानक झालं होतं.

पुरुषांकडे उलटी ओढ होती. १९८४चा अमेरिकन विजेता मुद्दाम टिकल्या टाकून, स्पीड स्केटिंगच्या सुटासारख्या साध्या एकरंगी कपड्यांत खेळला. आपला खेळ हा खेळ म्हणून बघितला जावा, एवढंच त्याला हवं होतं. चार वर्षांनी कॅलगरीत त्याचा देशबंधू लष्करी गणवेशाच्या धर्तीवर शिवलेल्या निळ्या पोशाखात जिंकला. पुरुषांना नियमाने पूर्ण लांबीची पँट सक्तीची होती, टाइट्स चालत नसत. म्हणजे बाईला पँट नको, पुरुषाला पायाला चिकटलेलं काही नको.

आता त्या नियमाच्या भाषेकडे. नियमावलीत रुळलेली शब्दरचना अशी की पोशाख शालीन, प्रतिष्ठित आणि खेळाच्या स्पर्धेला साजेसा असावा, भडक किंवा नाटकी नसावा. लगेच पुढे सवलत आहे: पोशाखातून संगीताचा स्वभाव दिसायला हरकत नाही. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी नीट बसतच नाहीत. १९८८च्या अंतिम फेरीत पूर्व जर्मन आणि अमेरिकन दोघींनीही एकाच स्पॅनिश नायिकेच्या ऑपेराचं संगीत घेतलं होतं. ते संगीतच नाटकातलं आहे. त्याचा स्वभाव दाखवणारा पोशाख नाटकी नसावा म्हणजे नेमका कसा असावा? ब्रॉडवेच्या गाण्यांवर पिसं लावणारी तर संगीताचा स्वभावच दाखवत होती. हे मी तिच्या बचावासाठी म्हणत नाही. एका प्रतिस्पर्ध्याच्या प्रशिक्षकाने असले कपडे सर्कशीत शोभतात असं जाहीरपणे म्हटलं होतं, आणि त्या मतामागे बरेच लोक होते. पण आक्षेप होता तो अंग दिसण्यावर. त्यावर काढलेल्या नियमाने मागितलं अंग झाकणं आणि वर स्कर्ट. या दोन वेगळ्या मागण्या आहेत.

पहिली मागणी पुरेशी होती. ती एकटी असती तर पिसांचा पोशाख अडला असता आणि युनिटार्ड राहिला असता. दुसरी जोडल्यामुळे प्रश्न शालीनतेचा उरला नाही, बाईने बाईसारखं दिसण्याचा झाला. १९०३च्या आसपास स्कर्ट हीच बाईची अडचण ठरवली होती. १९८८ला स्कर्ट नसणं ही अडचण ठरली. तो युनिटार्ड घालणारी विद्यापीठात शिकणारी, डॉक्टर व्हायचं ठरवलेली कृष्णवर्णीय मुलगी होती. तिने शॉर्ट प्रोग्रामनंतर एकूण गुणांत आघाडी घेतली होती, आणि शेवटच्या फेरीत चुका होऊन ती कांस्यावर आली. तिचा तो पोशाख जवळजवळ कोणाला आठवत नाही.

त्याच कॅलगरीत आइस डान्समध्ये फ्रान्सकडून खेळणारी भाऊ-बहिणीची जोडी ढोलांच्या ठेक्यावर, चिंध्यांसारख्या कपड्यांत नाचली. क्रमांक आठवा. तीन वर्षांनी हीच जोडी जगज्जेती झाली. १९९२ साली एका फ्रेंच स्केटरसाठी पॅरिसच्या नावाजलेल्या फॅशन घराने पोशाख केले, आणि लग्नाच्या पोशाखांसाठी गाजलेल्या न्यूयॉर्कच्या डिझायनरने एका अमेरिकन मुलीसाठी शिवायला सुरुवात केली. घरच्या शिलाई मशीनवर, आईने किंवा क्लबातल्या शिंपिणीने केलेल्या कामाच्या बाजूला आता बुटिकांची बिलं आली.

स्कर्टसक्ती उठली ती २००४ मध्ये, पण फक्त एकेरी आणि जोडीसाठी. आइस डान्समधल्या बायकांना ती पुढेही अनेक वर्षं होती. त्याच वर्षी ६.०ची गुणपद्धतही गेली. नवीन हिशेबात प्रत्येक उडीला किंमत आली आणि पोशाखाच्या चुकीलाही: नियमभंगाला एक पूर्ण गुण वजा.

त्यानंतरचे वाद स्कर्टच्या लांबीवरून झालेच नाहीत. २०१०च्या मोसमात आइस डान्सच्या एका फेरीचा विषय लोकनृत्य होता. अमेरिकन जोडीने हिंदी चित्रपटगीतं निवडली, नृत्याच्या जाणकाराकडून हातांच्या मुद्रा शिकली, भारतीय वळणाचे कपडे घातले आणि आपल्याकडेही कौतुक मिळवलं. व्हँकुव्हरला त्यांना रौप्य मिळालं. त्याच फेरीत रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं नृत्य म्हणून अंगावर पांढरी नक्षी आणि पानं आणली. तिथल्या आदिवासी नेत्यांनी जाहीर निषेध केला. दोन्ही पोशाख नियमात बसत होते. २०१२ मध्ये इटलीतल्या एका स्पर्धेत अमिरातीच्या मुलीचे गुण डोक्यावरच्या स्कार्फबद्दल कापले गेले. तिने पाठपुरावा केला, आणि पुढे ती अट सैल झाली.

२०१८ला प्याँगचांगमध्ये फ्रान्सचीच एक जोडी आइस डान्सच्या पहिल्या फेरीला, शॉर्ट डान्सला, उभी राहिली आणि पहिल्याच काही सेकंदांत जोडीतल्या मुलीच्या मानेमागचा पोशाखाचा हूक सुटला. पुढचा सगळा डान्स तिने पोशाख सांभाळत केला, सुवर्ण एका गुणाहून कमी फरकाने गेलं. त्याच ऑलिंपिकमध्ये तिची देशभगिनी महिला एकेरीचा शॉर्ट प्रोग्राम काळ्या युनिटार्डमध्ये खेळली. कॅलगरीला तेव्हा ३० वर्षं झाली होती.