ब्लिंक होणाऱ्या चेक इंजिन लाईटमागचा धूर

पावसाळ्यात कसारा घाट चढताना गाडी मिसिंग मारायला लागली, पिकअप गेला आणि डॅशबोर्डवरचा पिवळा इंजिनचा लाईट चक्क ब्लिंक व्हायला लागला, असं सांगणारे नाशिकमध्ये खूप भेटतात, आणि प्रत्येकाला पहिली भीती हीच की इंजिन बसलं की काय. पण हा लाईट इंजिन वाचवायला आलेलाच नाहीये, त्याची सगळी गोष्ट धुराची आहे.

सुरुवात लॉस एंजेलिसची. १९४३ मध्ये तिथे असा काही धुरकट थर बसला की लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, महायुद्ध चालू होतं म्हणून काहींना वाटलं जपानने गॅस सोडला. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातलं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की हे प्रकरण तयार होतं. गाड्यांच्या धुरावर १९७० चा कडक कायदा आला आणि १९७५ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाईनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी घातक करणारा डबा, बसला. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम-पॅलेडियमचा पातळ थर, म्हणजे वस्तू महाग आणि नाजूक दोन्ही, शिशाचं पेट्रोल घातलं तर कामातून जाणार.

आता कन्व्हर्टरने नीट काम करायचं तर हवा-पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं पाहिजे. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्बडा सेन्सर बॉशने १९७६ मध्ये बाजारात आणला (हीच बॉश आपल्याकडची मायको, नाशिकमध्ये मायको सर्कल म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही). सेन्सर आला म्हणजे कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरला काही बिनसलं तर सांगायला लाईट. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या गाड्यांत तो होता, आणि गंमत म्हणजे तेव्हा ब्लिंकचा अर्थच वेगळा होता, कनेक्टरच्या दोन पिना वायरने जोडायच्या आणि लाईट किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड काढायचा. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून अशी यंत्रणा सक्तीची केली, पण प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा, कोड वेगळे. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्यांना एकच १६ पिनचा सॉकेट आणि एकच कोडची पद्धत, म्हणजे ओबीडी-टू (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड स्वतःच ओळखायची यंत्रणा).

आजचा ब्लिंक इथूनच येतो, कारण ओबीडी-टूने मिसफायर, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं, पकडणं बंधनकारक केलं. क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) फिरताना प्रत्येक सिलिंडर त्याला एक धक्का देतो, एखादा धक्का चुकला की क्रँक किंचित मंदावतो आणि क्रँक सेन्सरला ते लगेच कळतं. असे चुकलेले धक्के दर २०० फेऱ्यांमागे मोजले जातात, ३००० आरपीएमला म्हणजे फक्त चार सेकंद. प्रमाण एवढं वाढलं की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटेल, तापमान हजार डिग्रीच्या वर जाईल आणि जाळी वितळेल, तर लाईट ब्लिंक होतो. नुसता लागून राहिला तर सावकाश दाखवलं तरी चालतं, ब्लिंक झाला तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, आणि थांबत नसेल तर गाडी बाजूला घ्या. घाटातच हे का दिसतं तर चढावर लोड जास्त, प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल कमजोर असेल तर तिथेच दम टाकते. सपाटीला आल्यावर ब्लिंक थांबतो आणि लोक समजतात आपोआप बरं झालं, तसं काही नसतं.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल, देशभर असं पेट्रोल २००० मध्ये. बीएस-फोर (भारत स्टेज फोर, गाड्यांच्या धुराचे नियम) एप्रिल २०१० मध्ये पहिल्या १३ शहरांत आलं, त्यात मुंबई, पुणे, अगदी सोलापूरसुद्धा, नाशिक नाही! बीएस-फोर गाड्यांना ओबीडी-वन, म्हणजे या यंत्रणेचा आधीचा टप्पा, २०१० पासून, मिसफायर वगैरे बघणारं ओबीडी-टू एप्रिल २०१३ पासून, आणि बीएस-फोर देशभर व्हायला २०१७ उजाडलं. त्यामुळे कार्ब्युरेटरवर हात बसलेल्या जुन्या मेकॅनिकांना हा लाईट उपरा वाटतो, त्यात त्यांचा दोष नाही.

दुरुस्ती बहुतेक वेळा साधी असते. कोड वाचणारा स्कॅनर त्या सॉकेटला लावला की पी०३०१ म्हणजे मिसफायर पहिल्या सिलिंडरमध्ये, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, पी०३०० आला तर मिसफायर एका जागेवर नाही. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर टाकून बघायची, कोडही दुसऱ्यावर गेला तर कॉइल बाद, नाहीतर प्लग, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. पावसात प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे का तेही बघा. फक्त बॅटरीची वायर काढून किंवा स्कॅनरने कोड उडवून "झालं साहेब" म्हणणाऱ्यापासून जपा, कारण मिसफायर झाला तेव्हाचा आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान गाडीने साठवून ठेवलेलं असतं आणि कोडबरोबर तेही उडतं, म्हणून आधी ते वाचून मोबाईलवर फोटो काढून घ्या, मग काय उडवायचं ते उडवू दे.