सुरक्षित मायक्रोकंट्रोलरशी डीबगर जोडला जात नसल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचा डीबग प्रोब (चिपमधील प्रोग्राम तपासण्यासाठी संगणक व चिप यांना जोडणारे उपकरण, म्हणजेच डीबगर) वापरताना जोडणी होत नसल्याचा संदेश आला, तर त्यामागे दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. एक तर तारेतून संकेत नीट पोहोचत नसतो, किंवा तो पोहोचूनही चिप सुरक्षेच्या कुलपामुळे आतला भाग उघडून दाखवत नसते. पहिला दोष दुरुस्त करताना काहीही गमवावे लागत नाही; दुसऱ्यात मात्र कुलूप काढण्याचा मार्ग बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे प्रोग्राम साठवणारी संपूर्ण फ्लॅश मेमरी पुसणे. म्हणून कारण निश्चित होईपर्यंत चिप पुसण्याची आज्ञा देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. काही सॉफ्टवेअर ही परवानगी एका लहानशा चौकटीत विचारते आणि घाईत ती दिली जाते, हे विशेष लक्षात ठेवावे.

दोन्ही कारणे वेगळी करण्यासाठी डीबग पोर्टचा, म्हणजे चिपमधील डीबगच्या प्रवेशद्वाराचा, ओळख क्रमांक वाचून पाहावा. एसडब्ल्यूडी (डेटा व क्लॉक अशा दोन तारांच्या) जोडणीवर कॉर्टेक्स-एम४ या प्रोसेसर-गाभ्याची चिप सामान्यतः हेक्स (सोळा-आधारी) २बीए०१४७७ आणि कॉर्टेक्स-एम०+ चिप हेक्स ०बीसी११४७७ असे उत्तर देते. असा क्रमांक वारंवार वाचूनही तोच येत असेल आणि अडचण त्यापुढे मेमरी वाचताना येत असेल, तर तारांवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. काहीच उत्तर येत नसेल किंवा दर वेळी निराळा आकडा येत असेल, तर आधी तारा तपासाव्यात.

तारा तपासताना डेटा, क्लॉक आणि ग्राउंड यांच्याइतकेच लक्ष संदर्भ व्होल्टेजच्या पिनकडे द्यावे. आमच्या प्रोबची ही पिन बोर्डाला वीज पुरवत नाही, तर बोर्डाचे व्होल्टेज वाचून त्यानुसार संकेतांची पातळी ठरवते. ती मोकळी राहिली, तर बाकी सर्व तारा बरोबर असूनही जोडणी होत नाही. त्यानंतर क्लॉकचा वेग १०० किलोहर्ट्झपर्यंत उतरवून पाहावा. तेवढ्याने काम झाले, तर लांब केबल किंवा सैल ग्राउंड हेच कारण असण्याचा संभव अधिक.

कधी कधी चिपला कुलूपही नसते आणि तारही सुस्थितीत असते, परंतु आतील फर्मवेअर (चिपमध्ये चढवलेला प्रोग्राम) सुरू होताच डीबगच्या पिना इतर कामाला लावते किंवा चिपला गाढ निद्रावस्थेत नेते. अशा वेळी रीसेटची तार जोडून, रीसेट दाबून धरलेल्या अवस्थेतच जोडणी करण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे फर्मवेअरला पहिली सूचना चालवण्याची संधी मिळण्यापूर्वीच डीबगर ताबा घेतो.

कुलपाचे वर्तन चिपच्या कुळानुसार बदलते. एसटीएम३२एफ४ मालिकेत वाचन-संरक्षणाचा बाइट हेक्स एए असल्यास चिप खुली असते, हेक्स सीसी असल्यास दुसरी पातळी लागू होते आणि अन्य कोणत्याही मूल्याला पहिली. पहिल्या पातळीवर ओळख क्रमांक मिळतो, पण फ्लॅश वाचता येत नाही. शिवाय डीबगर जोडल्याची नोंद एकदा झाली, की तो काढल्यानंतरही बोर्डाची वीज पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते, नुसते रीसेट पुरत नाही. या पातळीवरून खुल्या अवस्थेत परतताना फ्लॅश पुसली जाते. दुसरी पातळी कायमची असते. त्या अवस्थेत डीबगचा मार्गच बंद झालेला असल्याने चिप तुटलेल्या तारेसारखी मूक राहते, आणि वर सांगितलेली ओळख क्रमांकाची कसोटी नेमकी इथेच फसते. बोर्डावरील फर्मवेअर व्यवस्थित चालत असेल, तर हा संशय अवश्य घ्यावा.

काइनेटिस कुळाच्या अनेक चिपमध्ये सुरक्षेचा बाइट फ्लॅशमध्येच, हेक्स ४०सी या पत्त्यावर असतो आणि पुसलेल्या फ्लॅशचे हेक्स एफएफ हे मूल्यदेखील ‘सुरक्षित’ असेच वाचले जाते. त्यामुळे कोणी न लावताही कुलूप लागते. फर्मवेअरची नवी प्रतिमा (फाइल) चढवताना त्या जागी हेक्स एफई असल्याची खात्री करावी. त्याच बाइटमधील एका बिटजोडीने सामूहिक पुसणे निषिद्ध केले असेल, तर डीबगरचा उपाय तिथेच संपतो.

एनआरएफ५२ कुळाच्या नव्या आवृत्त्यांत चिप पुसल्यावर मिळालेला प्रवेश पुढच्या रीसेटपर्यंतच टिकतो. तो पुढेही हवा असल्यास संरक्षणाच्या रजिस्टरमध्ये हेक्स ५ए लिहावे लागते आणि फर्मवेअरनेही सुरू होताना स्वतः तशी मोकळीक द्यावी लागते. एकदा जोडणी झाली, फर्मवेअर चढले आणि नंतर पुन्हा काहीच होईना, अशी तक्रार असल्यास आधी हेच तपासावे.

ट्रस्टझोन (चिपचे सुरक्षित व असुरक्षित असे दोन भाग करणारी सोय) असलेल्या कॉर्टेक्स-एम३३ चिपमध्ये जोडणी यशस्वी होऊनही फक्त असुरक्षित भाग दिसू शकतो. तो दोष नसून, सुरक्षित भागाच्या डीबगला वेगळी परवानगी लागते एवढाच त्याचा अर्थ आहे.

एवढे करूनही अडचण राहिल्यास आम्हांला कळवताना चिपचे पूर्ण नाव व आवृत्ती, संदर्भ पिनवर मोजलेले व्होल्टेज, वाचलेला ओळख क्रमांक आणि सॉफ्टवेअरची संपूर्ण नोंद (लॉग) पाठवावी. चिपवरील मजकूर पुसला गेला तर चालेल की नाही, हेही स्पष्ट लिहावे. आपले फर्मवेअर किंवा कुलपाचा परवलीचा शब्द पाठवू नये. आम्हांला त्याची गरज पडत नाही.