शॉर्ट की कच्चा अर्थ? घरी वायरिंग केलेल्या गाडीचं दुखणं

कापूस वेचणीच्या दिवसांत शेतातून निघायला रात्र होते. म्हणून हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब, बंपरवर एलईडी बार, मागे माल भरताना लागणारा एक लाइट, हे सगळं यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत बरेच जण घरीच जोडतात. पुढे लाइट फडफडायला लागले की गॅरेजातलं निदान ठरलेलं : "शॉर्ट हाये कुठीतरी, भाऊ." पुष्कळदा शॉर्ट नसतोच. अर्थ, म्हणजे बल्बमधून बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसकडे जाणारी करंटची परतीची वाट (अर्थिंग), कच्चा असतो, आणि या दोन्हींचा स्वभाव अगदी उलटा आहे.

शॉर्टमध्ये पॉझिटिव्ह वायर सोललेली असते आणि करंट बल्बपर्यंत न जाता मधूनच बॉडीला मिळतो. अडवणारं काही नाही, म्हणून तो भरमसाट वाहतो आणि फ्यूज उडतो. कच्च्या अर्थमध्ये परतीची वाट अडलेली असते. करंट कमी वाहतो, त्यामुळे फ्यूज शाबूत राहतो; लाइट मात्र मंद जळतो, हॉर्न घोगरा वाजतो. मागच्या दिव्यात तर हमखास दिसणारी खूण आहे : इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर पार्किंग लाइटही लुकलुकतो. दोघांचा सामाईक अर्थ गेला, की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून परतीची वाट काढतो.

फ्यूज उडतोय, पण बटण दाबताक्षणी नाही, काही मिनिटं चालून? मग तो बहुधा ओव्हरलोड. 60/55 वॅटचे दोन बल्ब हाय बीमवर साधारण 10 अँपियर घेतात, 100/90 वॅटचे 17 च्या आसपास. मूळ वायर आणि स्विच पहिल्या आकड्यासाठी केलेले असतात, म्हणून इथे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर हवी. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

कच्चा अर्थ फसवतो तो मल्टिमीटरवर. वायर नुसती 'बीप' करून तपासली तर एका तारेवर टिकलेला जोडही पास होतो, कारण मीटर अगदी थोडा करंट सोडतो. खरी तपासणी लाइट चालू ठेवून करायची. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब लाइटच्या अर्थ वायरवर. 0.1-0.2 व्होल्ट ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर चोर तिथेच. जोडात फक्त 0.1 ओहमचा अडथळा असला तरी 15 अँपियरला दीड व्होल्ट गळतो. हॅलोजनचा उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो आणि त्या जोडापाशी वीस-बावीस वॅट उष्णता साठते, म्हणजे जवळपास सोल्डरिंग आयर्न. प्लास्टिक वितळून पुढे खरंच शॉर्ट होतो तो असा. अर्थ कच्चा होण्याचं कारण बहुतेक साधं असतं : लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच कसलेला. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथे बसतो, गंज चढतो. रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा, लग कसा, वरून ग्रीस लावा.

शॉर्ट शोधायला मीटरपेक्षा 21 वॅटचा इंडिकेटर बल्ब कामाचा. उडालेला फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत बल्ब जोडा, त्या लाइनवरचे लाइट-हॉर्न सोडवून ठेवा आणि स्विच चालू करा. बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट आहे. आता वायरिंग हातभर-हातभर हलवत जा. जिथे बल्ब विझेल किंवा मिचकावेल, तिथली टेप उघडा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकापाशी आधी बघा, तिथे पत्र्याची धार वायर कापते. गाडी कापसाच्या किंवा तुरीच्या ढिगाजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेलंही सापडेल.

जोडांवर नुसती काळी टेप गुंडाळू नका. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून जास्त. टेपचा डिंक सुटतो आणि जोड उघडा पडतो. हीटश्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) लावा. आणि बॅटरीवरून नवी लाइन काढली असेल, तर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवा. तो पलीकडे लाइटजवळ लावला, तर मधल्या वायरीत शॉर्ट झाल्यावर फ्यूज तसाच राहतो आणि वायर पेटते.